चेंडू पडद्यावर दिसावा म्हणून: टीव्हीवरच्या बेसबॉलची पहिली वीस वर्षं

टीव्हीवर बेसबॉलचा सामना लावला की पहिलं दृश्य ठरलेलं असतं. समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरची पाठ, पलीकडे बॅट उगारून उभा असलेला बॅटर, त्याच्यामागे चेंडू झेलायला उकिडवा बसलेला कॅचर आणि कॅचरच्या खांद्यावरून वाकून बघणारा अंपायर. चौघंही एकाच चौकटीत, एकमेकांना हात लागेल इतके जवळ. या दृश्याची इतकी सवय झाली आहे की कॅमेरा नेमका कुठे आहे, हा प्रश्नच मनात येत नाही. तो असतो सेंटर फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या बरोबर समोरच्या टोकाच्या, कुंपणापलीकडे, बॅटरपासून सव्वाशे मीटरच्या आसपास. जुन्या स्टेडियममध्ये ही स्वस्तातल्या तिकिटांची बाजू होती. तिथल्या बाकावर बसलेल्या माणसाला पिचरने टाकलेला चेंडू धड दिसतही नसे.

बेसबॉलचं टीव्ही प्रक्षेपण १९३९ मध्ये सुरू झालं. हा कोन सापडायला त्यानंतर बारा वर्षं लागली आणि सगळीकडे रुळायला त्याहून कितीतरी जास्त. सुरुवातीच्या मंडळींनी कॅमेरा नेऊन ठेवला तो स्टेडियममधल्या सगळ्यांत चांगल्या खुर्चीशेजारी, कारण तिथून माणसाला खेळ उत्तम दिसतो. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माणसाचा डोळा एका क्षणात जे करतो, ते तेव्हाच्या कॅमेऱ्याला झेपत नव्हतं. टीव्हीला बेसबॉल बघण्याची स्वतःची जागा शोधावी लागली आणि तिथून बघता यावं म्हणून आधी नळ्या, लेन्स, तारा आणि मनोरे तयार व्हावे लागले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण खेळ दाखवण्याची आजची सगळी रीत याच धडपडीतून आली आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी मैदानाची मांडणी थोडक्यात सांगतो. २७.४३ मीटर बाजू असलेल्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. त्यातला एक होम प्लेट. बॅटर तिथे उभा राहतो. पिचर चौकोनाच्या मध्याजवळून, १८.४४ मीटरवरून, चेंडू टप्पा न पाडता फेकतो. मैदान होम प्लेटपासून पंख्यासारखं पुढे उलगडत जातं. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या मागेही मैदान असतं, इथे ते नसतं. चेंडू मारल्यावर एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. चेंडू दूर कुठेतरी जातो आणि धावणारे खेळाडू बेसवरून बेसवर पळतात. दोन्हीकडे लक्ष ठेवल्याशिवाय खेळ कळत नाही. मुष्टियुद्धात सगळा मामला सहा-सात मीटरच्या रिंगणात असतो, म्हणून ते टीव्हीला सोपं गेलं. बेसबॉल त्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

एक कॅमेरा, एक तिवई

१७ मे १९३९. न्यूयॉर्क शहराच्या उत्तर टोकाला, कोलंबिया विद्यापीठाच्या बेकर फील्डवर, कोलंबिया आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांच्या संघांचा सामना होता. एनबीसी या प्रसारण कंपनीचं प्रायोगिक केंद्र डब्ल्यू-टू-एक्स-बी-एस तो दाखवणार होतं. समालोचक बिल स्टर्न. कॅमेरा एकच, तिसऱ्या बेसच्या बाजूला उभारलेल्या मचाणावर. सोबत दोन मोठ्या गाड्या होत्या. एकीत कॅमेऱ्याची नियंत्रणं आणि दुसरीत ट्रान्समीटर. तिथून निघालेला संदेश सुमारे १५ किलोमीटरवरच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगकडे जायचा आणि तिच्या माथ्यावरच्या अँटेनावरून शहरभर पसरायचा. प्रिन्स्टनने दहाव्या इनिंगमध्ये, म्हणजे नेहमीच्या नऊ डावांनंतरच्या जादा डावात, २-१ असा सामना जिंकला.

बघणाऱ्यांना मात्र फारसं काही दिसलं नाही. पडद्यावर खेळाडू पांढऱ्या माश्यांसारखे दिसत होते, असं वर्णन तेव्हाच्या वृत्तांतात आलं. चेंडू तर जवळपास अदृश्यच होता. कॅमेरा बाजूला असल्यामुळे चेंडू चौकटीत आडवा धावायचा, आणि कॅमेरामनने त्याच्यामागे कॅमेरा फिरवेपर्यंत तो दुसरीकडेच पोहोचलेला असायचा.

चेंडू का दिसत नव्हता? साधा हिशेब करून बघू. तेव्हाचं चित्र ४४१ ओळींचं होतं. त्यातल्या काही ओळी वाया जायच्या, आणि प्रत्येक ओळीत वेगळे ओळखू येतील असे ठिपके साडेतीनशेच्या आसपास धरता येतील. पहिल्या बेसपासून तिसऱ्या बेसपर्यंतचं अंतर सुमारे ३९ मीटर. तेवढं सगळं चौकटीत बसवलं, तर एका ठिपक्याच्या वाट्याला मैदानाची ११ सेंटिमीटर रुंदी येते. बेसबॉलच्या चेंडूचा व्यास असतो साधारण ७.३ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू स्थिर ठेवला असता, तरी पडद्यावर तो एका ठिपक्याहून लहान पडला असता.

शिवाय चेंडू स्थिर नसतोच. चांगल्या पिचरने टाकलेला चेंडू सेकंदाला ४० मीटरच्या वेगाने जातो. टीव्हीचं पूर्ण चित्र तेव्हा सेकंदाला ३० वेळा बनायचं. एका चित्राच्या अवधीत चेंडू सव्वा मीटरहून जास्त पुढे सरकतो. ही अडचण नीट समजण्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटातली नळी समजून घ्यायला हवी.

आयकॉनोस्कोप

या नळीचं नाव आयकॉनोस्कोप. आरसीए कंपनीत व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी ती विकसित केली. नळीच्या आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाला प्रतिसाद देणारे चांदीचे असंख्य सूक्ष्म कण बसवलेले असायचे. लेन्समधून आलेलं दृश्य या पत्र्यावर पडायचं. जिथे उजेड जास्त, तिथल्या कणांवर जास्त विद्युतभार साठायचा. मग इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत ओळीमागून ओळ करत सगळ्या पत्र्यावरून फिरायचा आणि प्रत्येक कणावरचा साठलेला भार मोकळा करायचा. त्यातून निघणारा कमीजास्त प्रवाह म्हणजेच चित्राचा संदेश.

पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात आणि एका माणसाने ओळीने फिरत प्रत्येक वाटीतलं पाणी मोजून ती रिकामी करावी, तसं हे काम. वाटी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात भरत राहते. म्हणून थोड्या पावसातही मोजण्याजोगं पाणी जमतं, आणि झ्वोरिकिन यांच्या रचनेचं बळ हेच होतं. पण वेगाने सरकणारी वस्तू या पद्धतीत मार खाते. चेंडूचा उजेड एका वाटीत जमत नाही. सव्वा मीटरच्या वाटेवरच्या सगळ्या वाट्यांमध्ये त्याचे दोन-दोन थेंब पडतात. गवताच्या किंवा प्रेक्षकांच्या सदऱ्यांच्या उजेडात ते थेंब ओळखूच येत नाहीत. चेंडूच्या जागी एक फिकट ओरखडा उरतो, कधी तोही उरत नाही.

आयकॉनोस्कोपला उजेड फार लागायचा. पत्र्यावरून उडालेले बरेचसे इलेक्ट्रॉन पुन्हा त्याच्यावरच कुठेही जाऊन पडायचे, त्यामुळे साठलेल्या भाराचा बराच भाग फुकट जायचा आणि चित्रावर काळपट डाग यायचे. गाडीत बसलेला तंत्रज्ञ सामनाभर बटणं फिरवून ते डाग पुसत राहायचा. दुपार उतरू लागली आणि स्टँडची सावली मैदानावर सरकली की त्याचं काम दुप्पट व्हायचं. अर्ध्या मैदानात लख्ख ऊन आणि अर्ध्यात सावली, असा फरक ही नळी पेलू शकत नव्हती. उन्हातलं दिसावं असं जुळवलं की सावलीतले खेळाडू काळोखात बुडायचे.

एवढ्या अडचणी असूनही ही माणसं मैदानात गेली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

लाल दिवा बघून बोलणारा समालोचक

व्यावसायिक बेसबॉलची पाळी आली २६ ऑगस्ट १९३९ रोजी. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर ब्रुकलिन डॉजर्स आणि सिनसिनाटी रेड्स यांचे एका दिवसात दोन सामने होते. पहिला रेड्सने ५-२ असा जिंकला, दुसरा डॉजर्सने ६-१ असा. यावेळी कॅमेरे दोन होते. एक खाली मैदानालगत आणि दुसरा होम प्लेटच्या मागे, वरच्या मजल्यावर.

या दुसऱ्या जागेतलं तर्कशास्त्र बघा. होम प्लेटच्या मागून पाहिलं की मारलेला चेंडू कॅमेऱ्यापासून दूर जातो. तो चौकटीत आडवा धावत नाही, नुसता लहान होत जातो. त्यामुळे कॅमेरा फार फिरवावा लागत नाही आणि चेंडू चौकटीतून निसटत नाही. शिवाय उंचीवरून सगळे बेस एका नजरेत येतात. मे महिन्यात बाजूच्या कॅमेऱ्याने दिलेला धडा ऑगस्टपर्यंत कामाला आला होता. पुढची कितीतरी वर्षं हाच मुख्य कॅमेरा राहिला.

समालोचक होते रेड बार्बर, रेडिओवरचा तेव्हाचा गाजलेला आवाज. ते प्रेक्षकांमध्येच बसले होते आणि त्यांच्यासमोर मॉनिटर नव्हता. घरच्या माणसाला या क्षणी काय दिसतंय, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. कोणत्या कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलाय आणि त्याचं तोंड कुठे वळलंय, हे बघून ते अंदाजाने बोलत होते. रेडिओवर समालोचक जे सांगेल तेच श्रोत्याचं मैदान असतं. टीव्हीवर प्रेक्षक स्वतः बघत असतो, आणि तो पहिल्या बेसकडे बघत असताना समालोचक तिसऱ्या बेसबद्दल बोलू लागला तर दोघांचाही विचका होतो. या पेशाचा हा पहिला धडा बार्बर यांनी जाहीरपणे, थेट प्रक्षेपणात गिरवला. जाहिरातीही त्यांनीच केल्या. व्हीटीज हे नाश्त्याचं धान्य वाडग्यात ओतून त्यावर केळं आणि दूध घातलं, साबणाची वडी हातात धरून दाखवली, पेट्रोल पंपावरची टोपी डोक्यावर चढवली.

हे सगळं बघायला न्यूयॉर्क परिसरात जेमतेम चारशेच्या आसपास टीव्ही संच होते. आरसीएच्या टीआरके-१२ या मोठ्या संचाची किंमत ६०० डॉलर होती. त्याची १२ इंची नळी इतकी लांब होती की ती उभी बसवावी लागे, आणि वर उघडलेल्या झाकणातल्या आरशात चित्र बघावं लागे.

१ जुलै १९४१ ला अमेरिकेत व्यावसायिक टीव्ही अधिकृतपणे सुरू झाला. त्याच वर्षी ओळींची संख्या ५२५ ठरली. पहिली विकत घेतलेली जाहिरात होती बुलोव्हा घड्याळाची, दहा सेकंदांची, आणि ती लागली डॉजर्स-फिलीज सामन्याच्या आधी. त्यानंतर अमेरिका युद्धात उतरली, संचांचं उत्पादन थांबलं आणि टीव्ही चार वर्षं जागच्या जागी राहिला.

युद्धानंतरची नळी

थांबला तो लोकांसाठीचा टीव्ही. प्रयोगशाळांमधलं काम सैन्याच्या गरजेपोटी उलट जोरात चाललं होतं. त्यातून आरसीएची इमेज ऑर्थिकॉन ही नळी तयार झाली आणि १९४६ पासून प्रक्षेपणात आली. हिच्यात दृश्य आधी प्रकाशाचं इलेक्ट्रॉनांमध्ये बदलतं. ते इलेक्ट्रॉन वेग देऊन एका पातळ काचेवर आदळवले जातात, तिथे भाराचं चित्र उमटतं, आणि वाचून परत येणारा झोत नळीतच कित्येक पटींनी वाढवला जातो. परिणाम असा की आयकॉनोस्कोपपेक्षा ती शंभर पटींहून जास्त संवेदनशील ठरली. दिव्यांच्या उजेडातले रात्रीचे सामने आणि सावलीत गेलेलं मैदान आवाक्यात आलं. इंजिनिअर या नळीला लाडाने ‘इमी’ म्हणत. टीव्हीच्या एमी पुरस्काराचं नाव त्यावरूनच पडलं.

तिचीही खोड होती. एकाच दृश्यावर कॅमेरा फार वेळ रोखून धरला तर ते दृश्य नळीवर छापल्यासारखं उमटून राहायचं, आणि पुढच्या चित्रावर त्याची भुतासारखी छाया दिसायची. त्यामुळे कॅमेरामन कॅमेरा किंचित हलता ठेवायचे.

जास्त संवेदनशील नळीचा खरा लाभ लेन्सच्या बाजूने झाला, आणि तो चटकन लक्षात येत नाही. लांबचं जवळ दाखवणारी लेन्स प्रकाश कमी आत घेते. आयकॉनोस्कोपवर अशी लेन्स लावून भागणं कठीण होतं, कारण चित्र अंधारून जायचं. इमेज ऑर्थिकॉनने लांब लेन्स वापरायची मुभा दिली. सेंटर फील्डच्या कुंपणापलीकडून बॅटर दिसण्याची शक्यता या नळीमुळे निर्माण झाली. अर्थात तेव्हा ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या तोंडावर आता चार लेन्स बसवलेली एक फिरती तबकडी असायची. जवळचं, मधलं, लांबचं, आणखी लांबचं. लेन्स बदलायची म्हणजे तबकडी फिरवायची, आणि तेवढा वेळ चित्र गरगरायचं. म्हणून दिग्दर्शक आधी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जायचा, तोवर पहिला कॅमेरामन लेन्स बदलून, फोकस जुळवून तयार व्हायचा. १९४७ मध्ये फ्रँक बॅक यांची झूमार लेन्स टीव्हीवर आली, तीही एबेट्स फील्डवरच्या सामन्यात. दांडा पुढे-मागे केला की दृश्य न तोडता जवळ किंवा लांब जाता यायचं. चेंडू उंच उडाला की आख्खं मैदान घ्यायचं आणि तो झेलणाऱ्याच्या दिशेने उतरू लागला की त्याच्या अंगावर जायचं, हा आज सरावाचा झालेला शॉट तेव्हा पहिल्यांदा शक्य झाला.

वर्ल्ड सिरीज म्हणजे हंगामाच्या अखेरची अजिंक्यपदाची मालिका. त्याच १९४७ सालची वर्ल्ड सिरीज ही टीव्हीवर आलेली पहिली. न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि स्केनेक्टडी एवढ्याच भागात ती दिसली, तरी प्रेक्षकांचा अंदाज ३९ लाखांचा होता, आणि त्यातले बहुसंख्य बारमध्ये उभं राहून बघत होते. घरी संच घेणं अजून महाग होतं. बारमालकाला मात्र एका संचात गर्दी मिळत होती.

हॅरी कॉइल यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. युद्धात बॉम्बर विमान चालवलेला हा माणूस टीव्हीत आला आणि त्याने एकूण ३६ वर्ल्ड सिरीज दिग्दर्शित केल्या. त्या पिढीच्या दिग्दर्शकांनी बसवलेली शिस्त अशी की प्रत्येक कॅमेऱ्याला प्रत्येक प्रसंगात आपलं काम आधीच माहीत हवं. पहिल्या बेसवर खेळाडू असताना चेंडू उजवीकडे गेला, तर एक कॅमेरा चेंडूमागे जाणार, दुसरा पुढच्या धावपटूला धरणार, तिसरा बॅटरला. दिग्दर्शक गाडीत मॉनिटरांच्या रांगेसमोर बसून फक्त क्रम ठरवणार. चेंडू हवेत असताना सूचना द्यायला वेळच नसतो. घरच्या माणसाला वाटतं की आपणच चेंडूकडून धावपटूकडे नजर वळवली. त्या वाटण्यामागे ही सगळी आधीची मांडणी असते.

कुंपणापलीकडची जागा

होम प्लेटच्या मागचा उंच कॅमेरा मारलेल्या चेंडूसाठी उत्तम होता. पण बेसबॉलचा बराचसा वेळ चेंडू मारला जात नसतो. तो पिचर आणि बॅटर यांच्यातल्या झुंजीत जातो. वळणारा चेंडू, ऐनवेळी खाली बुडणारा चेंडू, बॅटरला फसवणारा संथ चेंडू, हा खेळाचा गाभा. आणि मागच्या कॅमेऱ्याला तोच दिसत नव्हता. दिसायची अंपायरची, कॅचरची आणि बॅटरची पाठ, आणि पलीकडे लहानसा पिचर. चेंडू शेवटच्या क्षणी अंपायरच्या आडच जायचा.

१९५१ मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्राचे दिग्दर्शक जॅक जेकबसन यांनी थिलेन्स स्टेडियमवर लहान मुलांच्या लिटल लीगच्या सामन्यात कॅमेरा सेंटर फील्डमध्ये ठेवला. मुलांचं मैदान छोटं, त्यामुळे अंतरही कमी. पडद्यावर जे दिसलं ते आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू थेट कॅचरच्या हातमोज्यापर्यंत दिसत होता आणि बॅटरचा चेहरा प्रेक्षकाकडे होता. मग हाच कोन मोठ्या मैदानांवर, लांब लेन्स लावून, वापरात येऊ लागला.

इतक्या दुरून पिचर आणि बॅटर जवळजवळ का दिसतात? लोक याचं श्रेय लेन्सला देतात. खरं कारण अंतराचं आहे. होम प्लेटच्या मागे २० मीटरवर कॅमेरा ठेवला तर बॅटर २० मीटरवर आणि पिचर ३८ मीटरवर असतो. म्हणजे बॅटर पिचरच्या जवळपास दुप्पट मोठा दिसतो. सेंटर फील्डमधून पिचर साधारण १०५ मीटरवर आणि बॅटर १२३ मीटरवर. आता पिचर जेमतेम सहाव्या हिश्श्याने मोठा दिसतो. दोघंही जवळपास सारख्या मापाचे दिसले की आपली नजर त्यांना शेजारी-शेजारी मानते. लेन्स फक्त तो लांबचा तुकडा मोठा करून देते. याची किंमतही मोजावी लागते. बरोबर मध्यावर कॅमेरा ठेवला तर पिचर स्वतःच बॅटरच्या आड येतो, म्हणून कॅमेरा बहुतेक ठिकाणी, होम प्लेटवरून बघताना, थोडा डावीकडे सरकवलेला असतो. त्या तिरकेपणामुळे प्लेटच्या कडेवरून गेलेला चेंडू आत होता की बाहेर, हे पडद्यावर फसवं दिसतं. अंपायरला घरबसल्या शिव्या घालण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

या कोनाला विरोधही झाला, आणि तो निराधार नव्हता. कॅचर दोन पायांच्या मध्ये बोटांच्या खुणा करून पिचरला कोणता चेंडू टाकायचा ते सांगायचा. समोरच्या लांब लेन्समधून त्या खुणा स्पष्ट दिसू लागल्या. विरुद्ध संघाने ड्रेसिंग रूममध्ये टीव्ही लावून त्या वाचल्या तर? १९५० च्या दशकाच्या अखेरीस बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी हीच हरकत घेतली. त्यामुळे हा कोन बराच काळ बिचकत-बिचकत वापरला गेला.

क्रिकेटमध्येही अशीच एक गोष्ट घडली. बीबीसीने जून १९३८ मध्ये लॉर्ड्सवरून इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी दाखवली, म्हणजे बेकर फील्डच्या जवळजवळ वर्षभर आधी. पण नंतरची कित्येक वर्षं मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असायचा, त्यामुळे दर एक षटक सोडून फलंदाजाची नुसती पाठ दिसायची. दोन्ही टोकांना कॅमेरे लावून प्रत्येक चेंडू गोलंदाजाच्या मागून दाखवण्याची पद्धत १९७७ मध्ये केरी पॅकर यांच्या वर्ल्ड सिरीज क्रिकेटने आणली.

मैदानापासून घरापर्यंत

चित्र चांगलं मिळालं तरी ते शहराबाहेर नेणं हे वेगळंच संकट होतं. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडचं घर त्यांच्या टप्प्यात येत नाही. साध्या टेलिफोनच्या तारेतून चित्राचा प्रचंड संदेश जात नाही. त्याला खास कोअॅक्सियल केबल लागते, आणि ती तेव्हा मोजक्याच शहरांदरम्यान होती. १९४८ ची वर्ल्ड सिरीज क्लीव्हलँड आणि बोस्टन यांच्यात झाली. पूर्व किनारा आणि मध्य-पश्चिम भाग केबलने अजून जोडलेले नव्हते. त्यामुळे बोस्टनमधले सामने पूर्वेकडच्यांना दिसले आणि क्लीव्हलँडमधले मध्य-पश्चिमेकडच्यांना. एकाच मालिकेचे दोन तुकडे दोन प्रदेशांनी वाटून घेतले. त्याच वर्षी बी-२९ विमान उंचावर फिरवत ठेवून त्यातून टीव्हीचे संदेश पुढे पाठवण्याचे प्रयोगही झाले. पुढे जानेवारी १९४९ मध्ये केबलने हे दोन भाग जोडले गेले.

देश आरपार जोडला तो सप्टेंबर १९५१ मध्ये, एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांनी. एकूण १०७ मनोरे, एकमेकांपासून सरासरी ४८ किलोमीटरवर. प्रत्येकाने आलेला संदेश पकडायचा, त्याला बळ द्यायचं आणि पुढच्याकडे रोखून पाठवायचा. महिनाभरातच, १ ऑक्टोबरला, डॉजर्स आणि जायंट्स यांच्यातल्या निर्णायक मालिकेचा पहिला सामना एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत दिसला. ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनने शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे टोलवून, जायंट्सना जिंकून दिलं. तो फटका मारला गेला त्याच क्षणी कॅलिफोर्नियातल्या माणसानेही पाहिला.

त्याच वर्षी, ११ ऑगस्टला, सीबीएस या दुसऱ्या प्रसारण कंपनीने डॉजर्स-ब्रेव्हज सामना रंगीत दाखवला. कॅमेऱ्यासमोर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची चकती फिरायची. सेकंदाला १४४ चित्रं एकामागून एक वेगळ्या रंगात टिपली जायची आणि संचातली तशीच चकती ती पुन्हा जुळवायची. स्थिर दृश्यात रंग सुरेख दिसत. पण सेकंदाला ४० मीटरने जाणारा चेंडू दोन रंगांच्या मधल्या वेळात २८ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा चेंडू वेगवेगळ्या जागी पडणार. वेगवान खेळासाठी ही रचना मुळातच अडचणीची होती. शिवाय लोकांच्या घरातल्या कृष्णधवल संचांवर ते चित्र दिसतच नसे. काही आठवड्यांतच ती पद्धत गुंडाळावी लागली. तिन्ही रंग एकाच वेळी टिपणारी आणि जुन्या संचांवरही चालणारी पद्धत १९५३ अखेर मंजूर झाली, आणि १९५५ ची वर्ल्ड सिरीज एनबीसीने रंगीत दाखवली.

पुन्हा दाखवा

या वीस वर्षांतल्या बहुतेक सामन्यांचं काही उरलेलं नाही. चित्र जन्मायचं आणि विरून जायचं. जपायचा एकच मार्ग होता. मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रण करायचं. याला किनेस्कोप म्हणत. टीव्हीची चित्रं सेकंदाला ३०, फिल्मची २४. हा हिशेब बसवण्यासाठी खास कॅमेरे बनवावे लागले, तरी प्रत धूसरच यायची, आणि फिल्म धुऊन मिळेपर्यंत सामना संपलेला असायचा.

चुंबकीय टेपवर आवाज साठवणं जमलं होतं. चित्राची कंपनसंख्या मात्र आवाजाच्या कित्येक पट. टेप तेवढ्या वेगाने पळवली तर काही मिनिटांत मोठमोठी रिळं संपतात. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने यावर उत्तर काढलं. टेप सावकाश चालू ठेवायची आणि चार हेड बसवलेलं चाक तिच्यावर आडवं, मिनिटाला १४,४०० फेऱ्यांनी फिरवायचं. दोन इंच रुंदीच्या टेपवर त्यामुळे आडव्या बारीक रेघांमध्ये चित्र उतरायचं.

१७ जुलै १९५९ ला यांकीजचा पिचर राल्फ टेरी आठ इनिंग एकही हिट, म्हणजे बॅटरला बेस गाठून देणारा फटका, न देता टाकत होता. नवव्या इनिंगमध्ये व्हाइट सॉक्सच्या जिम मॅकअॅनानीने हिट मारून तो पराक्रम मोडला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स केंद्रावरचे समालोचक मेल अॅलन यांनी टेपवर घेतलेला तो फटका पुन्हा दाखवायला सांगितलं. टेप मागे गुंडाळून लावायला वेळ लागला, आणि संथगतीची तर सोयच नव्हती. तरी झालेली गोष्ट सामना चालू असतानाच पुन्हा बघता आली. लगेच आणि हुकमी रिप्ले यायला पुढची काही वर्षं जावी लागली.

टेप महाग होत्या, म्हणून केंद्रं त्या पुसून पुन्हा वापरायची. १३ ऑक्टोबर १९६० चा वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पिट्सबर्ग पायरेट्सने बिल मॅझरॉस्कीच्या होम रनवर १०-९ असा जिंकला. त्याचं पूर्ण चित्रण कुठेच उरलेलं नाही, असं पन्नास वर्षं समजलं जात होतं. ते सापडलं गायक बिंग क्रॉस्बी यांच्या घरी. पायरेट्समध्ये त्यांची भागीदारी होती, आणि सामन्याच्या वेळी ते पॅरिसमध्ये असल्यामुळे त्यांनी किनेस्कोपवर सामना उतरवून ठेवायला सांगितलं होतं. अँपेक्स लहान कंपनी असताना तिच्यात पैसे घालून चुंबकीय टेपला हात देणारे क्रॉस्बी ते हेच. त्यांच्या तळघरात थंडाव्यात ठेवलेली १६ मिलिमीटरची ती पाच रिळं २००९ च्या डिसेंबरमध्ये मिळाली, आणि पुढच्या वर्षी आख्खा सामना अमेरिकेत टीव्हीवर पुन्हा दाखवण्यात आला.